सतराचा रुमाल

टण्ण!

भर दुपारी सगळं घर चिडीचूप होतं. दुकानाची फळी लावलेली, ओसरीवर थोरले आप्पा पडलेले. तेवढ्यात कोनाड्यातून काहीतरी पडलं, टणटणत घरंगळलं आणि उंबऱ्याला आपटून थांबलं.

"नागे! माज्या वाती सांडल्यास का ग?" माजघरातून आजीचा आवाज आला.

पाच वर्षांची नागू उंबऱ्याशी उभी होती. एका हातात पत्र्याची नळी, दुसऱ्या मुठीत कापसाच्या वाती. "मी न्हाई पाडली, आजी. ती आपली आपणच पडली!"

"तिला पाय फुटले असतील," बसू म्हणाला. तो अकरा वर्षांचा, घाटनांदूरच्या शाळेतून दिवाळीच्या सुट्टीला कालच गावी आला होता. त्याची मोठी बहीण उमा तेरा वर्षांची. तिनं नळी घेऊन पदरानं पुसली. वर्षानुवर्षांचं तेल निघालं आणि खाली खिळ्यानं कोरलेले इंग्रजी आकडे दिसू लागले.

"एक, नऊ, एक, चार," बसूनं वाचलं. मग खो-खो हसत सुटला. "एकोणीसशे चौदा! अगं, आमच्या शाळेच्या फळ्यावर चालू सरकारी साल तेराशे एकतीस फसली लिहिलंय. हे साल यायला अजून पाचशे त्र्याऐंशी वर्षं हायेत!"

उमा हसली नाही. आजीही हसली नाही. ती वाती गोळा करत होती आणि तिचे डोळे लाल होते.

"आजी, रडतीस कावून?"

"रडतंय कोण! डोळ्यात तेल गेलं."

पण नागूनं गळ्यात हात टाकल्यावर शिवम्मा आजीला बोलावंच लागलं.

ती नळी आजोबांची होती. रेवणप्पा आजोबा सात वर्षांपूर्वी थोरल्या भावाशी, म्हणजे थोरल्या आप्पांशी भांडून मुंबईला गेले आणि लढाईच्या सरकारी जहाजावर आगवाले झाले. आगवाला म्हणजे जहाजाच्या पोटात बसून भट्टीत कोळसा टाकणारा. ज्यानं आयुष्यात नदीपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं, तो माणूस! सिरसाळ्याच्या एकाजवळ त्यांनी ही नळी धाडली होती आणि निरोप दिला होता, 'हिच्यात माझा कामाचा कागद असायचा. आता नवी मिळाली. तू वाती ठेव.' त्यानंतर निरोप नाही, माणूस नाही.

"अन् आता हेळवी आलाय," आजी म्हणाली.

हेळवी काल आला होता. बैलावर बसून गावोगाव फिरायचं आणि घराघराच्या वंशावळी जाड वहीत लिहायच्या, हे त्याचं पिढीजात काम. या गावात तो सहा वर्षांनी आला होता. सगळ्या भावकीसमोर त्यानं विचारलं, "रेवणप्पाचं काय लिहू?" आणि थोरले आप्पा म्हणाले, "परागंदा लिही. घरदार टाकून पळाला तो!"

"हेळवी म्हणला, परवा दिवस उगवायला निघतो. तवर कागद दावा, न्हाईतर परागंदा. एकदा लिहिलं की तो खोडत न्हाई. पुढं दर खेपेला भावकीत मोठ्यानं वाचतो." आजीनं नळीचं झाकण घट्ट दाबलं. "माणूस गेला असंल. ते मी मनात धरलंय. पण पळाला न्हाई ग तो!"

"पण कागद कुठला?" उमानं विचारलं.

"तापाच्या साथीच्या आदल्या साली चावडीत लांब लखोटा आलता. वर जहाजाचा शिक्का. या डोळ्यांनी बघितलाय. पटवारी म्हणले, इंग्रजी हाय, वाचणारा भेटला की सांगतो. दर महिन्याला जातीय. पयलं म्हणायचे वाचणारा न्हाई. आता म्हणतात कागदच न्हाई!"

"चल बस्या!" उमा उठली.

पटवारी सुंदरराव चावडीत पान जमवत होते. मुलांचं बोलणं अर्धं ऐकूनच त्यांनी हात झटकला.

"पुन्हा तेच! सव्वीसचा रुमाल पाहिला, सत्तावीसचा पाहिला. नाही म्हणजे नाही!"

त्यांच्या मागे फळ्यांवर दप्तराचे रुमाल रचलेले होते. एकेका सालाचे कागद एकेका लाल फडक्यात बांधलेले, वर फसली सालाची चिठ्ठी: सोळा, सतरा, अठरा, थेट एकतीसपर्यंत.

"आमी शोधतो की," बसू म्हणाला.

"सरकारी दप्तर आहे हे, चिंचा नव्हेत. निघा!"

मुलं बाहेर आली. बसूनं दगडाला लाथ मारली आणि अंगठा धरून एका पायावर नाचू लागला. "रात्री कौलं काढून आत उतरू!"

"आणि खाली पडलास, तर आमचे नाना तुलाच रुमालात बांधून ठेवतील," मागून कुणीतरी म्हणालं. ती केशर होती, पटवाऱ्यांची मुलगी आणि उमाची मैत्रीण. तिनं दाराआडून सगळं ऐकलं होतं. "नाना कशालाच भीत नाहीत. तहसीलदारालासुद्धा नाही. फक्त एकाच गोष्टीला भितात."

"कशाला?"

"वाळवीला!"

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीच्या उंबऱ्यावर लिंबाच्या कुजक्या खोडाचा एक तुकडा पडला होता. त्यावर पांढरी वाळवी वळवळत होती. तो तिथं कसा आला, हे बसूला अगदी नीट माहीत होतं.

"नाना! वाळवी!" केशर किंचाळली.

सुंदरराव धोतर सावरत आले, पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "मेलो! सगळे रुमाल उन्हात काढा! ए पोरांनो, पाहता काय? उचला!"

कालच हाकलून दिलेली मुलं आज हुकुमावरून दप्तर उचलत होती. बसूला हसू आवरेना, तेव्हा उमानं त्याला चिमटा काढला.

अंगणात चटयांवर कागद पसरले गेले. पहिल्यांदा सव्वीसचा रुमाल. उमा आणि केशरनं पान न् पान उलटलं. चराईचे अर्ज, विहिरीचं भांडण, मेलेल्या बैलाचा पंचनामा. जहाजाचा शिक्का? छे! मग सत्तावीसचा. एक शेळी आली आणि पंचनाम्याचा कोपरा खाऊ लागली. बसूनं तिच्या तोंडातून तो ओढून काढला. "सोड! बैलाचा पंचनामा शेळी खाती, बघा!" सत्तावीसमध्येही काही नाही. अठ्ठावीस पाहिला. पंचवीस पाहिला. ऊन डोक्यावरून मागे कलंडलं. नाकात धूळ, बोटांना लाल रंग आणि हातात शून्य!

उमा मटकन खाली बसली. उद्या दिवस उगवला की हेळवी तो शब्द लिहिणार. मग आजी सहा-सहा वर्षांनी तो ऐकत राहणार.

"शिक्काच खोटा असंल," बसू पुटपुटला.

"आजी खोटं बोलती व्हय रे?"

"तसं न्हाई म्हणलं! पण सापडत न्हाई तर मी काय करू? मला काय कमी राग आलाय?"

नागूला कुणी काम दिलं नव्हतं. ती नळी घेऊन आली होती आणि तिच्यावरच्या आकड्यांवरून बोट फिरवत होती. "बसूदादा, हे साल कवा येणार रे? मी तवर मोठी व्हईन का?"

"पाचशे त्र्याऐंशी वर्षांनी, सांगितलं ना! तू म्हातारी होऊन..."

"थांब!" उमा ताडकन उठली. "ते साल येऊन गेलंय! आजोबांनी कोरलंय ना ते? मुंबईत इंग्रजी साल चालतं, बस्या. त्यांचं वेगळं, आपलं वेगळं! केशर, बाहेरून कागद आला की नाना तो कुठं ठेवायचा हे कसं ठरवतात?"

"वरचं साल बघतात आणि त्या रुमालात घालतात."

"वाचून?"

"वाचून कुठं! इंग्रजी आकडे तेवढे कळतात त्यांना."

उमानं बोटांवर हिशेब केला. "ताप एकोणीसशे अठरात आला, असं मठात शिकवणारे अय्या सांगत होते. त्याच्या आदलं साल सतरा. लखोट्यावर सतरा लिहिलेलं असणार! अन् नानांनी..."

"...सतराच्या रुमालात टाकला!" बसू ओरडला. "तेराशे सतरा फसली! तवा तर आजोबा गावातच व्हते!"

"हळू!" केशरनं त्याचं तोंड दाबलं. "सतराचा रुमाल कुठाय?"

चौघांनी अंगणभर पाहिलं. सोळा होता, अठरा होता. सतरा नव्हता. मग नागूनं बोट दाखवलं.

लिंबाखाली सुंदरराव घोरत होते आणि त्यांच्या डोक्याखाली उशी म्हणून सतराचा रुमाल होता!

केशर पळत घरातून वाकळेची घडी घेऊन आली. पण डोकं उचलायचं कुणी? नागूनं गवताची काडी घेतली आणि हलकेच त्यांच्या कानात फिरवली. सुंदररावांनी "हॅत!" करून मान वर केली, बसूनं रुमाल ओढला, केशरनं वाकळ सरकवली. डोकं परत पडलं. घोरणं सुरू!

उमानं गाठ सोडली. चौथ्या कागदाखाली लांब लखोटा होता. वर जहाजाचा शिक्का. आत इंग्रजी कागद.

"रे... व... न... आपा," बसूनं अक्षरं जुळवली. "पुढचं मला येत न्हाई." त्याचा चेहरा पडला. "आता इंग्रजी वाचणारा कुठून आणायचा?"

उमानं कागद उलटला. मागे दुसरा कागद चिकटला होता. तो तिनं नखानं अलगद सोडवला. बालबोध मराठी! गोल, स्वच्छ अक्षर! मठातल्या अय्यांनी तिला शिकवलेलं.

"चार वर्षं," ती म्हणाली. रागानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "चार वर्षांत मागचं पान कुणी उलटलंच न्हाई!"

ती पळत सुटली. मागोमाग बसू, केशर आणि नळी वाजवत नागू. थोड्या वेळानं सुंदररावही, "अरे, सरकारी कागद! चोरांनो!" असं ओरडत.

ओसरीवर भावकी बसली होती. हेळव्यानं वही उघडली होती. आजी दाराआड उभी होती. उमा धापा टाकत मधोमध उभी राहिली.

"तुमी सगळे ऐका. मी वाचते."

"पोरी, मोठ्यांच्यात..." थोरले आप्पा म्हणाले.

"वाचू द्या," हेळवी म्हणाला.

"'आगवाला रेवणप्पा बसलिंगप्पा, मुलूख निजाम. तारीख तीन एप्रिल एकोणीसशे सतरा रोजी बसऱ्याच्या वाटेवर बंबाची वाफ फुटली. बाकीचे वर गेले. सदर इसमाने जागा न सोडता भट्टीतील निखारे ओढून काढले, त्यामुळे जहाज वाचले. भाजल्याने त्याच रात्री मरण. देह समुद्रास दिला. घरच्यांस कळवावे.'"

सुंदरराव दारातच थांबले होते. त्यांनी टोपी काढली आणि हातात फिरवत राहिले.

"जागा न सोडता," थोरल्या आप्पांनी हळूच म्हटलं. मग ते दाराकडे वळले. भावजयीशी ते कधी फारसं बोलत नसत. "शिवम्मा, मी सात वर्षं त्याला पळपुटा म्हणत आलो. माजं चुकलं."

"माझंही चुकलं, वहिनी," सुंदरराव म्हणाले. "आणि कार्टे, ती वाळवी..." केशर आजीमागे लपली. "...ती बरी निघाली," त्यांनी वाक्य पुरं केलं.

हेळव्यानं मुलांकडे पाहिलं. "माज्या बापानं अन् आज्यानं ही वही चालवली. लेकरांनी आणून दिलेलं नाव मी पयल्यांदाच लिहितोय. शाबास!" आणि तो मोठ्यानं म्हणत लिहू लागला, "रेवणप्पा. जहाजावर आगवाला. जागा सोडली न्हाई." मग टाक थांबला. "समाधी कुठं लिहू?"

शेवटी त्यानं तेवढी जागा कोरी ठेवली आणि वही मिटली.

आजी अजून दाराआडच होती. ती रडली नाही. तिनं पोरांच्या धुळीनं माखलेल्या डोक्यांवरून एकेक करून हात फिरवला. मग नागूच्या हातून नळी घेऊन झाकण उघडलं. उद्या दिवाळीची अमावस्या. मळ्यात पुरलेल्या पूर्वजांच्या प्रत्येक समाधीवर दिवा ठेवायचा, म्हणून तिनं वाती मोजून ठेवल्या होत्या. आज तिनं एक वात वेगळी काढली आणि तळहातावर धरली.

नागू त्या वातीकडे बघत राहिली.

"आजी," तिनं विचारलं, "आजोबा तर पाण्यात हायेत ना? मग त्यांचा दिवा कुठं ठेवायचा?"