जास्वंदीच्या पाठीवरची गोम

मुलांनो, असं समजा की पहाट झाली आहे आणि तुम्ही एका उंच गडाच्या तटावर अनवाणी उभे आहात. पायाखालचा दगड गार आहे. समोर दरी असायला हवी, पण ती दिसत नाही; धुकं काठोकाठ भरलं आहे आणि त्यात भोवतालच्या डोंगरांचे माथे तेवढे तरंगत आहेत. शांत वाटतं ना? आता कान द्या. त्या धुक्याच्या तळाशी कुणी खोकतं आहे, कुठे भांडं वाजतं आहे, मध्येच एखादा उंट ओरडतो आहे. तो गनीम आहे. पावसाळा सरल्यापासून त्याने रानजाईगडाला वेढा घातला आहे, आणि गडाच्या अंबारखान्यात आता झाडून काढलं तरी सूपभर दाणे निघायचे नाहीत.

आता तट उतरून पागेकडे या. तिथे दहा वर्षांची एक मुलगी डिंकाची वाटी घेऊन उभी आहे. तिचं नाव साळू. ती काय करते आहे हे कळायला हवं असेल, तर आधी तिच्या वडिलांची आणि त्यांच्या घोडीची हकिकत ऐकावी लागेल.

साळूचे वडील सुभानजी हे गडावरचे शिलेदार. त्या काळी ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, आणि ज्याला सरकारी पागेतून घोडा मिळे तो बारगीर. लढाईत दोघे खांद्याला खांदा लावून लढत, पण मुजऱ्याच्या वेळी शिलेदार पुढे आणि बारगीर मागे. सुभानजींची सगळी शिलेदारी एका घोडीवर उभी होती. घोडी रंगाने गडद तांबडी, म्हणून नाव जास्वंदी. मानेवर त्यांचा तळवा टेकला की ती पाऊल न वाजवता कडा उतरे, आणि शेजारून गनिमाची घोडी खिंकाळली तरी हूं की चूं करत नसे.

सुभानजी आधी तिला दाण्याचा तोबरा चढवत, मग स्वतः भाकरी खात. थंडीत त्यांची घोंगडी तिच्या पाठीवर असे. घरात चार शब्द न बोलणारा हा माणूस खरारा करताना तिच्याशी तासन् तास बोले. साळूची आई गेली, त्या दिवशी ते पागेत गेले आणि जास्वंदीच्या मानेत तोंड खुपसून रडले. साळू दारात उभी होती. तिला कुणी जवळ घेतलं नाही. त्या दिवसापासून त्या पोरीच्या पोटात एक निखारा राहिला होता, आणि ‘आबांची घोडी फार गुणाची’ असं कुणी म्हटलं की त्यावर फुंकर बसे.

असाच निखारा आणखी एकाच्या पोटात होता. तो म्हणजे गडाचा पागेदार धारोजी. सगळी सरकारी घोडी त्याच्या हुकमतीत, पण त्याच्या पावलाची चाहूल लागून कान टवकारणारं एकही जनावर त्यांत नव्हतं. त्याने जास्वंदीला दोनदा मागणी घातली. दुसऱ्या वेळी भर सदरेवर सुभानजी हसून म्हणाले होते, “पागेदार, घोडी मागा, देईन. पण ही माझी लेक आहे.”

सदर हसली. ‘लेक’ हा शब्द मात्र दोन काळजांत रुतला. एक धारोजीचं, आणि दुसरं खांबाआड उभ्या असलेल्या सख्ख्या लेकीचं.

आदल्या संध्याकाळी किल्लेदार गंगाजीरावांनी निर्णय दिला होता. घाटापलीकडे आपली फौज होती. सुभानजींनी धुक्याच्या आडोशाने वेढा ओलांडून ती फौज घेऊन यावी. सदर उठल्यावर धारोजी साळूच्या शेजारी येऊन बसला. तो गोड बोलला. बाप उद्या जाईल तो परत येईलच असं नाही, आणि मरतानाही त्याच्या तोंडी नाव घोडीचंच असेल, असं त्याने हळूच सांगितलं. मग म्हणाला, “घोडी गेली नाही, तर तुझा आबाही जायचा नाही. आणि त्याला थांबवणं तुझ्या हातात आहे, पोरी.”

घोड्याच्या अंगावर केसांचे भोवरे असतात. काही शुभ मानत, काही अशुभ. केसांची एखादी उलटी रेघ गोम किड्यासारखी दिसली, तर तिला गोमच म्हणत, आणि ती खोगिराखाली निघाली तर घोडा धन्याला खातो अशी समजूत होती. आजही आपण म्हणतो ना, ‘यात काहीतरी गोम आहे’? ती हीच. धारोजीने साळूच्या हाती बाभळीचा पातळ डिंक दिला आणि केस उलटे कसे वळवायचे तेही दाखवलं.

पहाटे खरारा आटोपून सुभानजी देवीच्या दर्शनाला निघाले. जाताना लेकीला म्हणाले, “साळू, बाईजवळ थांब.” बाई म्हणजे घोडी. खरं तर साळूचं मन डगमगत होतं, पण त्या एका शब्दाने ते पक्कं झालं. तिने डिंकात बोटं बुडवली. जास्वंदी मान वळवून तिचा खांदा हुंगत राहिली, जागची हलली नाही.

स्वारी निघण्यापूर्वी दरवाजात घोड्याला टिळा लावायची आणि खोगीर चढण्याआधी पागेदाराने त्याच्या अंगावरून हात फिरवायचा, अशी रानजाईची रीत होती. धारोजीचा हात पाठीवर येऊन थांबला. तो दोन पावलं मागे सरला.

“राव, क्षमा असावी. या घोडीला गोम आहे.”

दरवाजात कुजबुज उठली. गंगाजीराव पुढे झाले, वाकून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. धारोजीने हात जोडून अर्ज केला की दोष खाजगी धन्याला लागतो, सरकारी पागेला लागत नाही. तेव्हा घोडी पागेत जमा व्हावी, आणि तिच्यावर बसून स्वारीला आपण जाऊ.

असं होईल हे साळूला कुणी सांगितलं नव्हतं. घोडी पागेत जमा, म्हणजे आबा बारगीर. आणि तो तळवा मानेवर नसताना कड्यावर ही एकदा जरी खिंकाळली, तरी सारा गड बुडाला.

“सुभानजी,” गंगाजीराव म्हणाले, “जनावर तुमचं. तुमचा हात काय सांगतो?”

सुभानजींनी पाठीवर तळवा ठेवला. ज्या पाठीवर रोज हात फिरला होता, तिच्यावर काल नसलेली गोम आज कुठून येणार? केस ताठ लागत होते. त्यांनी बोटावर बोट घासलं आणि ते हळूच नाकाशी नेलं. मग मान वर करून त्यांनी गर्दीत पाहिलं. साळू समोरच होती. तिने हात परकराच्या घोळात लपवले, पण डिंकाच्या बोटांना परकर चिकटून राहिला होता.

चालत्या स्वारीच्या घोड्याशी दगा करणाऱ्याला वेढ्याच्या दिवसांत काय शासन होतं, हे गडावर सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला दरवाजाबाहेर काढत. बाहेर गनीम होता.

सुभानजींनी लगाम धारोजीपुढे धरला.

“गोम आहे, राव,” ते म्हणाले. “माझ्याच नजरेतून सुटली.”

मग त्यांनी जास्वंदीचा कान ओठांशी ओढला आणि तिला काहीतरी सांगितलं. ती पाय रोवून उभी होती. धारोजीने लगाम ओढला तशी तिने मागे पाहिलं, आणि धन्याने मान हलवल्यावर निमूट एक पाऊल टाकलं.

साळू पाहत होती. आबा कधी खोटं बोलत नाहीत हे अवघ्या रानजाईला माहीत होतं. आज ते खोटं बोलले होते, आणि ज्या घोडीला लेक म्हणत ती देऊन टाकली होती. कुणासाठी, हे समजण्याइतकी ती मोठी होती. समोर धुकं विरळ होत चाललं होतं.

ती धावली. टिळ्यासाठी ठेवलेला पाण्याचा तांब्या तिने उचलला, जास्वंदीच्या पाठीवर उपडा केला आणि दोन्ही हातांनी केस चोळू लागली. पहारेकरी धावले, गंगाजीरावांनी त्यांना थांबवलं. सगळ्यांच्या देखत ती गोम पातळ झाली आणि फराट्यासारखी घोडीच्या पोटावरून ओघळून गेली.

“डिंक पागेदारकाकांनी दिला,” साळू म्हणाली. “पण लावला मी. आबांना माहीत नव्हतं.”

“पोर घाबरली आहे, राव,” धारोजी हसून म्हणाला. “काहीही बरळते.”

“घाबरलेलं माणूस गुन्हा दुसऱ्यावर ढकलतं, धारोजी,” गंगाजीराव म्हणाले. “हिने तो स्वतःच्या पदरात घेतला. तुम्ही मात्र आत्ता हसलात.”

धारोजीची पागेदारी तिथेच गेली. वेढा उठेपर्यंत त्याने बुरुजावर धोंडे वाहावेत असा हुकूम झाला. साळूची शिक्षा तिच्या बापाने परत आल्यावर ठरवावी, असंही गंगाजीराव म्हणाले. सुभानजींनी मुजरा केला, ओल्याच पाठीवर खोगीर घातलं, आणि लेकीकडे न पाहता ते धुक्यात उतरून गेले. कड्यावरून ना दगड घरंगळला, ना खिंकाळी ऐकू आली.

मग वाट पाहणं आलं. साळू तटावर बसून राही. आबा परत आले नाहीत तर, आणि आले तर काय शिक्षा सांगतील, या दोन भीतींपैकी मोठी कोणती ते तिला ठरवता येईना. अखेर एका सकाळी घाटाच्या तोंडाशी धूळ उठली, आपली शिंगं वाजली, आणि सूर्य माथ्यावर यायच्या आत गनिमाचे तंबू पेटले.

पहिला दाणा गडावर चढला तेव्हा दरवाजात माणूस मावत नव्हतं. सुभानजी चालत आले, जास्वंदीला हाताशी धरून. ती पुढच्या पायाने लंगडत होती. साळू गर्दीतून वाट काढत समोर जाऊन उभी राहिली.

“शिलेदार,” गंगाजीरावांनी आठवण करून दिली, “पोरीची शिक्षा राहिली आहे.”

“अजून ठरवली नाही, राव,” सुभानजी म्हणाले. “आधी बाईचा पाय बघतो.”

आणि ते लेकीच्या पुढ्यातच घोडीपाशी उकिडवे बसले. लोक हसले. साळूच्या पोटातला निखारा पुन्हा लाल झाला, अगदी पहिल्यासारखा. मुलांनो, हेवा काही एका सकाळीत विझत नाही. खुरात खोल खडा रुतला होता. सुभानजी एका हाताने पाय धरत आणि दुसऱ्याने खडा उचकटू पाहत, पण घोडी दर वेळी कळवळून पाय सोडवून घेई.

साळू क्षणभर तशीच उभी राहिली. मग ती त्यांच्या शेजारी मातीत बसली, जास्वंदीचा जड, चिखलाने माखलेला पाय तिने आपल्या मांडीवर ओढून घेतला, दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि म्हणाली,

“आबा, काढा आता.”