न चुकणारं पुस्तक

सकाळी साडेनऊला सुलभा खराडे यांच्या बालवाडीत बारा पुस्तकं उघडली आणि बारा पुस्तकांत बारा वेगळी चित्रं उमटली. सुलभाबाईंच्या वैतागाची सुरुवात रोज इथूनच व्हायची. "सगळ्यांनी चौथं पान काढा," असं म्हणण्यात आता अर्थ उरला नव्हता. चौथ्या पानावर कुणाला बदकं दिसत, कुणाला आगगाडीचे डबे, तर कुणाला नुसते त्रिकोण.

ही 'जागती पुस्तकं' गेल्या वर्षी आली. पानं कागदासारखीच मऊ, पण त्यांवरची शाई हलायची. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात मोहरीएवढा नजरटिप्या होता. मूल कुठे बघतंय, कुठे अडखळतंय, कशाला कंटाळलंय हे तो टिपायचा आणि पुस्तक त्याप्रमाणे चित्र बदलायचं. महिनाअखेरीस अहवाल यायचा. आकार, मोजणी, क्रम. बाराही मुलांना शंभर टक्के.

आणि हीच मुलं खाऊच्या वेळी चार बशा आणायला सांगितल्या की सहा आणून निवांत उभी राहायची.

सुलभाबाईंनी पुस्तकांच्या कंपनीच्या मदतकेंद्राला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा त्यांना पुस्तक बंद करून पुन्हा चालू करायला सांगण्यात आलं. शेवटी एके दिवशी त्या पाच वर्षांच्या चार्वीच्या मागे बैठक मारून बसल्या.

पानावर सात आंबे होते. "किती आंबे?" पुस्तकाने विचारलं.

"पाच," चार्वी म्हणाली.

बाई तोंड उघडणार, तोच झाडावर दोन पोपट उतरले आणि एकेक आंबा घेऊन उडून गेले. "बरोबर, पाच," पुस्तक म्हणालं.

पुढच्या पानावर लाल मणी, निळा मणी, लाल मणी, निळा मणी, लाल मणी. पुढचा कोणता? चार्वीने पिवळ्यावर बोट ठेवलं. मागचे मणी हळूच रंग बदलून लाल, निळा, पिवळा, लाल, निळा असे झाले. "बरोबर."

या वेळी बाईंनी मदतकेंद्राचा नाद सोडला आणि पुस्तक तयार करणाऱ्या निखिलेश दातेलाच फोनवर गाठलं.

"तो बिघाड नाही, बाई," निखिलेश समजावत म्हणाला. "आम्ही मुद्दामच तसं केलंय. चुकलं की मूल हिरमुसतं, पुस्तक मिटतं. चाळीस हजार मुलं आमचं पुस्तक वापरतात. एकानेही तक्रार केलेली नाही."

"ती कशाला करतील? आणि हे उत्तराप्रमाणे चित्र बदलणं थांबणार कधी?"

"ते पुस्तक ठरवतं."

"पुस्तकाला काय हवं असतं?"

"मुलाने ते मिटू नये, एवढंच."

बाईंनी फोन ठेवला, बाराही पुस्तकं गोळा केली आणि कपाटाला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अकरा मुलांना रांगेत उभं केलं आणि चार्वीला मोजायला सांगितलं. चार्वीने हवेत बोट फिरवलं. "नऊ."

"पुन्हा मोज बरं. अकरा आहेत."

"नऊच," चार्वी शांतपणे म्हणाली. "आता दोघं जातील."

रांगेच्या टोकाला उभा असलेला ओजस बाईंच्या मागे जाऊन लपला. "मी नाही जाणार," म्हणत तो रडायला लागला. चार्वी वाट बघत राहिली. कुणीच गेलं नाही. मग तिने जे भोकाड पसरलं ते आई न्यायला येईपर्यंत थांबलं नाही.

"ती आजवर कधी चुकली नव्हती," आई रागाने म्हणाली. "तुम्ही केलंत तरी काय?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "मुलं जेवढी होती तेवढीच ठेवली."

आठवड्याभरात चार पालकांनी पुस्तकं कुलपात ठेवल्याबद्दल कंपनीकडे तक्रार केली आणि निखिलेश स्वतः बालवाडीत आला. बाईंनी त्याला मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसवलं. बोलण्यात वेळ न घालवता त्यांनी पुन्हा रांग केली, चार्वीचं बोट धरलं आणि पहिल्या मुलाच्या डोक्यावर टेकवलं. एक. दोन. तीनला चार्वीने हात सोडवून घेतला. "मी करते."

ती सातला अडकली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मग नऊला घोळ झाला. तिचे डोळे भरून आले.

"पुस्तकाने इथे सांभाळून घेतलं असतं," निखिलेश हळूच म्हणाला.

"गप्प बसा जरा."

चार्वीने नाक पुसलं आणि पुन्हा पहिल्या डोक्यावर बोट ठेवलं. या वेळी ती प्रत्येकापाशी थांबत गेली. दहा. अकरा. तिने वळून रांग पाहिली. सगळी जागच्या जागी होती. तिला आनंद झालेला दिसला नाही; कपाळावर आठी मात्र पडली. निखिलेश खुर्चीत पुढे सरकून तिच्याकडे बघत होता.

"बाई," चार्वीने विचारलं, "मी पण आहे ना इथे? मग मला कुणी मोजायचं?"