हेडफोन काढून

खुर्चीवर रुमाल टाकला की जागा आपली, हा नियम एसटीत चालतो. हडपसरच्या गाडीतळाजवळ, श्रीनिवास सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्येही तो चालावा, अशी चैतालीची भाबडी समजूत होती. पाणी पिऊन ती परत आली, तर एक उंच मुलगा तिच्या रुमालावर खुशाल बसलेला.

"अहो, तो रुमाल माझा आहे," ती म्हणाली.

"आन् खुर्ची?" त्यानं विचारलं... आणि मग एकदम ओशाळून उठला. रुमाल झटकला, नीट घडी घातली आणि तिच्या हातात दिला. कान लाल झाले होते बिचाऱ्याचे.

भांडण खुर्चीचं नव्हतंच म्हणा, कोपऱ्यातल्या त्या मशीनचं होतं. वर्ष दोन हजार. ज्याला बघावं तो सी प्लस प्लस शिकून अमेरिकेला निघालेला. पण अख्ख्या क्लासमध्ये आवाज येणारं मशीन एकच, आणि पाणबुडीचा खेळही त्याच्यावरच. प्रॅक्टिकल संपलं की सर थोडा वेळ खेळू द्यायचे. हेडफोनही एकच होता. मग दोघांत तह झाला. त्यानं ऐकायचं, तिनं पाणबुडी चालवायची.

त्याचं नाव मच्छिंद्र. जवळच्या मांजरी गावचा, घरचा ऊस. ती येरवड्याची, वडील वर्ध्याहून नोकरीसाठी पुण्यात आलेले. एरवी या दोघांची गाठ पडायचं काही कारण नव्हतं.

त्या खेळात पाण्याखाली काही दिसत नाही. गस्तीवर निघायचं, इंजिन बंद करायचं आणि कान देऊन शत्रूच्या जहाजाची धडधड शोधायची. मच्छिंद्र डोळे मिटून ऐकायचा. "हाय... उजव्या अंगाला हाय. लांब हाय अजून," असं हळूच म्हणायचा, आणि चैताली पाणबुडी वळवायची. पण समुद्र बहुतेक वेळा रिकामाच. आधी तिला त्याचा कंटाळा यायचा. मग पुढे पुढे वाटायला लागलं, आज जहाज नाहीच आलं तर किती बरं. कारण रिकाम्या समुद्रात तो बोलायचा. गुऱ्हाळाचं सांगायचा, आईचं सांगायचा. एकदा त्यानं शत्रूचं मालवाहू जहाज समजून आपल्याच बाजूचं जहाज बुडवायला लावलं, तेव्हा ती हसून हसून रडायची बाकी होती. काकवी कधी चाखली नाही, असं ती सहज म्हणाली, तर तो तिच्याकडे असा बघत राहिला, की तिला स्क्रीनकडे बघावं लागलं.

आणि मग तो दिवस आला.

मच्छिंद्र अजून आला नव्हता, म्हणून हेडफोन चैतालीच्या कानांवर होता. कानात समुद्र नुसता घुमत होता. तिची मैत्रीण निकिता शेजारी येऊन बसली, हेडफोनची एक बाजू उचलून कानात म्हणाली, "खरं सांग, तुला तो आवडतो ना?" आणि बाजू सोडून दिली.

खरं उत्तर ओठांवर होतं. पण खरं सांगायची लाज वाटली, आणि लाज झाकायला माणूस काय वाट्टेल ते बरळतो. "मला? तो मांजरीचा उसवाला? अगं, तो बोलायला लागला की गोठ्यात बसल्यासारखं वाटतं."

आपण कुजबुजलो, असं तिला वाटत होतं. कान बंद असले की आपला आवाज किती चढतो, ते आपल्याला कुठे कळतं? निकितानं तिचं मनगट घट्ट धरलं. चैतालीनं हेडफोन काढला. सगळ्या क्लासमधली टकटक थांबली होती. आणि दारात मच्छिंद्र उभा होता. हातात काकवीची बाटली.

तो निघून गेला असता तर बरं झालं असतं. तो आला. बाटली टेबलावर ठेवली, खुर्चीवर बसला, हेडफोन लावला. थोड्या वेळानं नुसतं बोट उजवीकडे केलं. तोंडातून शब्द नाही. चैतालीला समोरचं काही दिसेना, डोळेच भरले होते.

बाटली घेऊन ती घरी आली. ताटावर बसली, पण घास उतरेना. वडील म्हणाले, "काऊन व, जेवून नाही राहिली?"

त्यांच्या याच वऱ्हाडी बोलण्याची कचेरीतले लोक वर्षानुवर्षं नक्कल करत आले होते. शाळेत एका मुलीनं केली, तेव्हा चैतालीनं तिची वेणी ओढली होती. आणि आज? आज तिनं तेच केलं होतं, तेही भर वर्गात. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. तिकडे मान वर करून बघायची तिची हिंमत होईना. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला जिन्यात गाठून माफी मागितली. "काही हरकत नाही," तो म्हणाला, अगदी बातम्या वाचल्यासारखं, शुद्ध. ते तिला शिवीपेक्षा जास्त लागलं. पुढेही तो रोज यायचा, शेजारी बसायचा आणि बोटानं दिशा दाखवायचा. त्याचं बोलणं मात्र संपलं होतं. शनिवारी त्याचा कोर्सही संपणार होता, मग तेवढं बोटही दिसणार नव्हतं.

ती निकितापाशी रडली. निकितानं ऐकून घेतलं आणि कोरडेपणानं म्हणाली, "बोभाटा वर्गभर आणि माफी जिन्यात. छान."

शनिवारी नेमका समुद्र भरलेला निघाला. मच्छिंद्रनं बोट डावीकडे केलं, मग सरळ, मग वर. शत्रूची युद्धनौका डोक्यावर आली होती. आता इंजिन बंद करून गप्प राहायचं, एवढंच हातात होतं. चैताली गप्प राहिली नाही. तिनं त्याच्या कानांवरचा हेडफोन काढला, सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवला आणि उभी राहिली.

"त्या दिवशी मी मच्छिंद्रविषयी जे बोलले, ते सगळ्यांनी ऐकलंय," ती म्हणाली. "ते वाईट होतं, आणि खोटंही होतं. माझ्या वडलांच्या बोलण्यालाही लोक हसतात, तरी मी ते बोलले. निकितानं मला एक प्रश्न विचारला होता. त्याचं खरं उत्तर... हो, असं आहे."

मग श्रीनिवास सर चष्म्यातून वर न बघता म्हणाले, "निकाल लागला असेल, तर बाकीच्यांनी आपापल्या स्क्रीनकडे बघावं."

चैताली मटकन खाली बसली. चेहरा ओढणीत लपवावासा वाटत होता. समोर पाणबुडीत पाणी भरत होतं, सगळे काटे लाल झाले होते.

"बुडालो की आपण," मच्छिंद्र म्हणाला.

किती दिवसांनी तो आवाज! तिनं मान वर केली नाही. "बुडू दे," ती म्हणाली.

"काकवी कशी होती?"

"उघडलीच नाही. कुठल्या तोंडानं खाऊ?"

त्यानं खिशातून रुमाल काढला, नीट घडी घातली आणि तिच्या हाताशी सरकवला. "डोळं पुसा आधी. आन् बाटली वडलांना द्या. सरली की रिकामी बाटली घेऊन तुम्हीच या मांजरीला. आई रोज विचारती हाय... कुणासाठी नेलीस रं?"