चौथ्या ठोक्याला वल्हं

मुलीच्या होस्टेलमधली गादी फार पातळ होती, म्हणून त्या शनिवारी मी गावी गेले. दुसरं काही काम नव्हतं. घरचा कापूस आणायचा, धुळ्यातल्या पिंजाऱ्याकडून गादी भरून घ्यायची आणि मुलीला पाठवून द्यायची, एवढंच.

आमचं गाव शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथे माझा धाकटा भाऊ कुंदन आणि त्याची बायको डिंपल शेती बघतात. मी नोकरीमुळे धुळ्यात. धुळ्याहून शिरपूरपर्यंत एस.टी. आणि पुढे काळीपिवळी. या प्रवासात मी व्हिडिओ गेम खेळते. माझ्या वयाच्या बाईला हे शोभत नाही असं ऑफिसातल्या बायका म्हणतात, म्हणू देत. मुलगी कॉलेजला गेली तेव्हा तिचं जुनं खेळायचं यंत्र घरातच राहिलं. तळहातापेक्षा जरा मोठं, दोन्ही हातांत धरायचं, दोन्ही अंगठ्यांखाली बटणं. त्यात तालाचे छोटे छोटे खेळ आहेत. एकात बेडूक ठेक्यावर उड्या मारतात, एकात दोन बायका नदीवर धुणं आपटतात. गाणं वाजतं, आपण बरोबर ठेक्यावर बटण दाबायचं. चुकलं की बेडूक पाण्यात पडतो आणि डोळे वटारून आपल्याकडे बघतो.

माझा आवडता खेळ नावाड्याचा. सगळ्यात संथ. डुम... डुम... डुम... आणि चौथ्या ठोक्याला वल्हं मारायचं. काही वेळानं नदीवर धुकं उतरतं. आधी काठ जातो, मग नाव जाते, मग नावाडीही दिसेनासा होतो. उरलेली नदी नुसत्या कानांनी पार करायची. पाण्यात खडक आला, तर धुक्यातून नावाडी वल्ह्यानं नावेच्या कडेवर तीनदा भराभर ठोकतो. टक्‌टक्‌टक्. म्हणजे सांभाळा.

तर मी दुपारी घरी पोचले. जेवण झालं. कळण्याची भाकरी, भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा. डिंपलच्या कडेवर तिचं सहा-सात महिन्यांचं लेकरू होतं, ते माझ्या बांगड्या ओढत होतं. भाव पडलेला म्हणून कापूस विकलाच नव्हता. मागची खोली आढ्यापर्यंत भरलेली. दार उघडलं की आतून ऊबदार वास यायचा, सरकीच्या तेलाचा, धुळीचा. खिडकी कापसानं बुजलेली, त्यामुळे आत भर दुपारी अंधार.

"अक्का, वरला नको. मधला देस तुले, पांढराशुभ्र शे," असं म्हणून कुंदन ढिगात मांडीपर्यंत शिरला. दोन कवळ्या त्याने माझ्या पोत्यात टाकल्या. तिसऱ्या वेळी वाकला आणि एकदम थांबला.

"काय झालं रे?"

"काही नही. काटा भरना व्हई."

तो बाहेर येऊन घोट्याकडे बघायला लागला. मी मात्र ढिगाकडे बघत होते. कडेचा कापूस हलत होता. आतून कुणी सावकाश बोट फिरवावं तशी एक रेघ उमटत दारापर्यंत आली आणि उंबऱ्यावरून नाग बाहेर पडला. घाई नाही, फूत्कार नाही. ओट्यावरून उतरून तो तुरीत गेला.

शेजारच्यांच्या पिकअपमधून आम्ही शिरपूरला निघालो. कुंदन आधी बोलत होता, डिंपललाच धीर देत होता. मग म्हणाला, "अक्का, मना डोया झाकाई ऱ्हायनात." मी त्याच्या पापण्या बोटांनी वर केल्या. सोडल्या की त्या परत खाली येत. मग जीभ जड झाली. थुंकी गिळता येईना. शिरपूरला पोचल्या पोचल्या त्याला इंजेक्शनं सुरू झाली, पण विष श्वासापर्यंत चढलं होतं. घशात नळी घातली. तिथले डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडेल, पण तोवर दुसऱ्या कुणीतरी श्वास द्यायला हवा. मशीन धुळ्याला आहे, लगेच हलवा.

डिंपल लेकराला घेऊन शिरपूरलाच थांबली, मी अॅम्ब्युलन्समध्ये चढले. पुढे गिरधरभाऊ ड्रायव्हर. मागे मधोमध कुंदन, त्याच्या डोक्याशी डॉक्टर प्रशील, तिशीच्या आतला, धुळ्याचाच मुलगा. एका बाजूच्या बाकावर मी. माझ्या समोरचं बाक रिकामं.

दिवस मावळत होता. काचेबाहेर केळीचे बाग काळे पडत चालले होते. आत स्पिरिटचा वास आणि कुंदनच्या अंगाला चिकटलेल्या कापसाचा वास. डॉक्टर नळीला जोडलेला रबरी फुगा दाबत होते. फुगा दाबला की कुंदनची छाती वर यायची, सोडला की खाली जायची. मध्ये काहीच नाही. माझा भाऊ स्वतःहून श्वास घेतच नव्हता.

थोड्या वेळानं डॉक्टरांनी नाडी बघितली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"ताई, इकडे या. हे धरा. मला इंजेक्शन भरायला दोन्ही हात लागतील."

"मी... मला नाही जमणार हो."

"जमेल. दाबा. छाती वर आली? आता सोडा. थांबा... थांबा... आता परत."

मी दाबलं. पण माझे हात माझं ऐकत नव्हते. माझाच श्वास जोरात चाललेला, त्याच वेगानं मी फुगा दाबत होते.

"ताई, सावकाश! इतक्या घाईनं दिलं तर हवा बाहेर पडायला वेळच मिळत नाही."

"एक-दोन-तीन-चार" मनात म्हणायला लागले, तर तेही पळत सुटलं. मग मी म्हणाले, "डॉक्टर, क्षणभर धरा." त्यांनी फुगा धरला. मी पर्समधून खेळाचं यंत्र काढलं, नावाड्याचा खेळ लावला. त्यात एक सरावाचा भाग असतो. आपण बटण दाबलं नाही तर नावाडी स्वतःच वल्हवत राहतो. यंत्र कुंदनच्या उशाशी ठेवलं आणि फुगा परत हातात घेतला.

डुम... डुम... डुम... आणि दाब.

डुम... डुम... डुम... आणि दाब.

डॉक्टर क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग कुंदनच्या छातीकडे. "बरोबर," ते म्हणाले. "अगदी असंच. सोडू नका." आणि ते सुई भरायला वळले.

मी कुंदनच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. फक्त ताल. नदी, नाव, वल्हं. बाहेर पूर्ण काळोख झाला, आणि एकदम रस्त्याचा आवाज बदलला, चाकांखाली पोकळी असल्यासारखा. आम्ही तापीच्या पुलावर आलो होतो.

तिथेच यंत्राचा लाल दिवा लुकलुकला. पडदा मिटला. आवाज बंद.

मला ओरडायचं होतं. ओरडले नाही, कारण ओरडले असते तर ठोका चुकला असता. मी मनात धरायला गेले... एक... दोन... आणि पुढचं सापडेना. पुलाच्या कठड्याचे खांब काचेवरून वेगळ्याच लयीत पळत होते, सायरनची लय आणखी वेगळी. माझे हात फुग्यावर तसेच थांबले. कुंदनची छाती खाली गेलेली, आणि खालीच.

टक्.

समोरच्या रिकाम्या बाकाच्या पत्र्यावर. नखानं टिचकी मारावी तसा.

टक्... टक्...

माझ्या हातांनी दाबलं. मी दाबलं असं म्हणवत नाही, हातांनी दाबलं.

टक्... टक्... टक्... आणि दाब.

मला वाटलं, बाकाखाली काहीतरी सुटलं असेल, गाडीच्या हादऱ्यानं वाजत असेल. पूल संपला, रस्ता सपाट झाला, मध्ये खड्डे लागले, गिरधरभाऊंनी दोनदा करकचून ब्रेक दाबला. ठोका तसूभर हलला नाही. मी बाकाकडे मान वर करून बघितलं नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं तेवढं पुरे होतं. बाक रिकामं होतं, पण त्यावरचं रेक्झिन एका जागी दबलेलं होतं. आणि आत एक वास आला होता, गार, चिखलाचा, नदीकाठी पहाटे येतो तसा. काचा बंद होत्या.

घाबरायला मला सवड नव्हती. मी मनात एवढंच म्हणत होते, तू कुणीही अस, थांबू नकोस... बाबा, थांबू नकोस...

नरडाणा मागे पडलं असेल. डॉक्टर फोनवर धुळ्याला बोलत होते, बेड तयार ठेवा म्हणून. आणि अचानक ठोका तुटला.

टक्‌टक्‌टक्!

इतका जवळ की माझ्या गुडघ्याला हादरा जाणवला.

खडक.

"डॉक्टर!" मी किंचाळले. "बघा... काहीतरी झालंय, आधी बघा!"

"काय झालं?"

"माहीत नाही! तुम्ही बघा!"

त्यांनी फोन टाकला आणि कुंदनच्या तोंडावर टॉर्च धरला. ब्रेकच्या धक्क्यानं नळी सरकली होती. फुगा दबत होता, पण हवा छातीत जातच नव्हती. मला ते कळलंच नव्हतं. डॉक्टर कामाला लागले. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. बाकावर तेव्हा काहीच वाजत नव्हतं. कुणीतरी श्वास रोखून बघत असल्यासारखी शांतता होती. मग डॉक्टर म्हणाले, "गेली आत. दाबा ताई." छाती वर आली.

टक्... टक्... टक्...

धुळ्याचे दिवे दिसेपर्यंत तो माझ्याबरोबर होता. हॉस्पिटलच्या दारात चार हातांनी स्ट्रेचर ओढलं, माझ्या हातातून फुगा कुणीतरी घेतला, उशाशी ठेवलेलं यंत्र मी पर्समध्ये टाकलं आणि तिथेच पायरीवर बसले. बोटं सरळ होत नव्हती.

रात्री डॉक्टर प्रशील बाहेर आले. कुंदनला मशीनवर घेतलं होतं, नाडी चांगली होती. त्यांनी मला पाण्याची बाटली दिली.

"तुम्हाला कसं कळलं, ताई? नळीचं?"

मी बाटलीचं झाकण फिरवत राहिले.

"जाऊ द्या. तुमच्या त्या खेळण्याला मात्र मानलं. शेवटपर्यंत वाजत होतं. पुलानंतर तर आवाज आणखी स्पष्ट येत होता."

मी पर्समध्ये हात घालून यंत्र घट्ट धरलं. ते बंद होतं, थंडगार होतं. मी मान डोलावली.

कुंदन वाचला. आधी पापण्या उघडल्या, मग बोटं हलली, मग नळी निघाली. बोलायला लागला तेव्हा त्याने माझा हात मागितला.

"अक्का, माले बठ्ठं ऐकू यी ऱ्हायनं व्हतं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "डोया उघडता येत नव्हतात, पण बठ्ठं समजे. तुना हात गरम व्हतात."

"माझे हात फुग्यावर होते रे. तुला कुठे लागले?"

तो विचारात पडला. "एक हात मना कपायवर व्हता, गरम. तो तुनाच. पण छातीवर जो व्हता... तो थंडा व्हता. वला. बोटे वाजाडे छातीवर. टक, टक, टक. माले वाटनं डाक्टरना शे."

डॉक्टरांचे दोन्ही हात कशात गुंतले होते ते मी पाहिलं होतं. कपाळावर तर मी हात ठेवलाच नव्हता. पण मी म्हटलं, "डॉक्टरांचाच असेल." आणि त्याच्या कपाळावर हात ठेवला.

कुणी विचारतं, तुला भीती नाही का वाटत? वाटते. पण ज्याने माझा भाऊ त्या पुलावरून परत आणला, त्याची भीती वाटली तरी त्याच्याकडे पाठ कशी फिरवणार? तो कोण, कुठून चढला, का चढला, मला माहीत नाही. एस.टी. तापीवर आली की मी हात जोडते. शेजारचा प्रवासी समजतो, बाई नदीच्या पाया पडते. समजू दे. गेल्या खेपेला खिडकीतून साखरफुटाणे टाकले. त्याला काय आवडतं, कुणाला विचारायचं?

आता कुंदन शेतात जातो, लेकराला खांद्यावर घेऊन फिरतो. घोट्यावर काळा डाग राहिलाय, एवढंच. मागच्या महिन्यात मात्र डिंपलचा फोन आला. ऑफिसातली जेवणाची सुट्टी होती. ती हळू बोलत होती, कुणाची झोप मोडू नये तशी.

"अक्का, एक सांगू? हसू नका. तुमना भाऊ दुपारले जेवीसन झोपतस, तव्हय मधमाच यास्ना श्वास थांबस."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. "डॉक्टरांना दाखवलं?"

"दखाडं. ते म्हनतस, बठ्ठं चांगलं शे. मी मंग उशाशी बसस. थांबना का खाटना पायवर टिचकी मारस, तुम्ही सांगं व्हतं तशी. टक, टक, टक. मंग लगेच श्वास लेतस."

"बरं करतेस बाई. उद्याच धुळ्याला घेऊन ये त्याला, मी मोठ्या डॉक्टरकडे नंबर लावते."

"लई येस. पण अक्का..." मागे पंख्याची घरघर ऐकू येत होती. "आज माले डुलकी लागनी व्हती. लेकरू मांडीवर, मी भिंतले पाठ लाईसन बसेल. माले समजनंच नही का श्वास थांबना. तव्हय कोनीतरी टिचकी मारी."

"तूच मारली असशील, झोपेत."

"नही वं अक्का," डिंपल म्हणाली. "मना मांगून मारी. भिंतमाईन."