हरकत घ्यायला कुणी उरलं नाही

या अजिंक्यराव, आत या. चपलाही आत घ्या, बाहेर ठेवल्यात तर जाताना पाय भाजतील. दुपारी तीन वाजता जुळे सोलापुरात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही आणि तुम्ही टू-व्हीलरवरून आलात. लेकीच्या ॲडमिशनपुढे बापाला ऊन लागत नाही, हे मी चाळीस वर्षं बघतोय. लाइट गेलीय. खिडक्या मी उन्हासाठी लावून घेतलेल्या असतात, म्हणून ही मेणबत्ती. तुमची वंशावळ तयार आहे, काळजी करू नका. फक्त ती हातात देण्याआधी गेल्या वर्षीची एक गोष्ट ऐकून घ्या.

मी मोडी वाचतो, हे ऐकूनच तुम्ही आलात. जातपडताळणीला पणजोबाची नोंद लागते आणि ती असते मोडीत. तीन वह्या बघाव्या लागतात. खानेसुमारीत कुठल्या घरात माणसं किती ते असतं. लग्नाच्या वहीत कोण कुणाला दिली ते. आणि कोतवाल बुकात जन्म आणि मरण. नोकरीत असताना मी या वह्यांच्याच खोलीत बसलो, धूळ खाल्ली, खोकला कमावला. मोडी वाचणारी माणसं आता इथं बोटांवर मोजण्याइतकी उरलीत, त्यामुळे लोक मला सर म्हणतात. मलाही ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

गेल्या जुलैत, पावसानं यंदासारखीच ओढ दिली होती तेव्हा, मानसिंग नावाचा एक जण आला. चिंचोळी एमआयडीसीत मशीनवर होता, मूळ गाव होटगीच्या पलीकडचं. बायको वच्छला, एकुलती लेक आरोही. पोरीचा मेडिकलला नंबर लागला होता आणि पडताळणीचं पत्र द्यायला वीस दिवस उरले होते. पत्र नाही तर सीट नाही. वडिलांच्या मागं उभी राहून ती मला म्हणाली, "सर, मी दोन वर्षं घराबाहेर पडले नाही हो. फक्त अभ्यास केलाय." डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती बिचारीच्या.

मानसिंगचं म्हणणं खरं होतं. त्याचे पणजोबा प्रभु त्याच गावचे, त्याच जातीचे. पण ज्या पानांवर ते असायला हवे होते, ती पानं वाळवीनं खाल्ली होती. वही उघडली तर मधोमध बोट जाईल एवढं भोक. मी त्याला तसं सांगितलं तर तो खालीच बसला.

आता माझी चूक ऐका. आमच्यातल्या जुन्या माणसांना एक युक्ती माहीत असते. पान नसेल तर निर्वंश झालेलं घर शोधायचं. गाव तेच, जात तीच, पण पुढं वंश नाही. अर्जदाराला त्या घरात बसवून द्यायचं. भाऊबंद नसतात, त्यामुळे हरकत घ्यायला कुणी उरलेलं नसतं. मला वाटायचं, खऱ्या माणसाला खरा कागद मिळवून द्यायला थोडं इकडचं तिकडं केलं तर कुणाचं काय बिघडतं?

घर सापडलं. खानेसुमारीत होतं: घर एक, पुरुष एक, बायका एक, मुले सहा. बाई नागूबाई. लग्नाच्या वहीत तिचं लग्न होतं, कोतवाल बुकात सहा जन्म होते आणि तिसऱ्या मुलाचं नाव प्रभु. मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. मग त्याच बुकात मरणाचं पान लागलं. चौदा महिन्यांत सहाही मुलं. प्रभु सात वर्षांचा. शेवटी नागूबाई, विहिरीत. आणि कडेला बारीक अक्षरात: मुलांस कण्यांतून काही घातले असा बभ्रा, बाईस चावडीवर आणिले.

ते पान मी दोनदा वाचलं. मग त्याची नक्कल तेवढी काढली नाही. मेलेल्या पोराला जिवंत ठेवायला तेवढंच पुरतं, एक पान कमी. प्रभु मोठा झाला, त्याला मुलगा झाला, त्या मुलाचा नातू मानसिंग. शाईसुद्धा जास्त लागली नाही.

आठ-दहा दिवसांनी घरच्या चौकशीला पडताळणीच्या कचेरीतला माणूस जाऊन आला. संध्याकाळी मानसिंगचा फोन.

"सर, लई उपकार झाले बघा. तुमी पाठवलेल्या आजी नसत्या तर काय खरं न्हवतं."

मी कुणालाही पाठवलं नव्हतं. वाटलं, कुणी गावाकडची म्हातारी आली असेल आणि याचा गोंधळ झाला असेल. म्हटलं, "बरं. काय म्हणाल्या?"

"सगळंच की! सायबानं कुलदैवत इचारलं, लग्नातलं देवक इचारलं, आमाला काय सांगता येईना. आजी सैपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या व्हत्या, त्यांनी तितनंच सांगितलं. परभूच्या पाठची-पुढची समदी भावंडं येका दमात. सायबानं जबाब लिवला, अंगठा घेतला."

"कधी आल्या त्या?"

"तुमी कागद दाखल केला की न्हाय, त्याच सांजला. तुमचं नाव सांगितलं, त्रिंबकरावांनी धाडलंय म्हणून."

"मग... गेल्या का आता?"

"न्हाय की. ऱ्हाते म्हणाल्या. आरोहीवर लई जीव हाय त्यांचा. सोताच्या हातानं भरवत्यात."

"काय भरवतात?"

"ज्वारीच्या कण्या, सर. दुसरं काय करतच न्हाईत त्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या फ्लॅटवर गेलो. तिसरा मजला. पहिल्या मजल्यापासूनच वास यायला लागला, तळाला लागलेल्या कण्यांचा, आणि त्याच्याखाली शेवाळाचा. दार वच्छलानं उघडलं. ती भिंतीला लागून उभी राहिली आणि अगदी हळू बोलली.

"सर, ते पातेलं आमचं न्हाय... ज्वारी कुटनं आणत्यात ठावं न्हाय... गॅस पेटवलेला मी बघितलाच न्हाय कवा."

आरोही कॉटवर पडली होती. ओठ फाटलेले, हाताला सलाइनची पट्टी. डॉक्टर म्हणाले होते, ऊन लागलंय. मला बघून ती उठायला लागली. "सर, माझं पत्र आलं?"

"परवा मिळेल. तू ते खाऊ नकोस."

"नको म्हटलं की त्या रडतात हो, सर. खूप रडतात. मग मी खाते."

उंबऱ्यावर म्हातारी होती. लहानखुरी, हिरव्या लुगड्यातली. त्या उन्हात फरशीवर पाय ठेववत नव्हता आणि तिच्या लुगड्याच्या काठातून पाणी गळत होतं. ती पातेलं ढवळत होती, माझ्याकडे न बघता. मी जवळ जाऊन बसलो.

"बाई, तुमचं इथं काय काम?"

"माजं घर हाय. तूच लिवलंस की."

"तुमची मुलं... गेली सगळी. मी वाचलंय."

"पाच गेली. परभू हाय. तू ठेवलास." ती हसली, कौतुकानं. "लई वर्सांनी कुनी ठेवलं माजं कायतरी. ही त्याचीच की. नाक बघ."

"मी ते पान लावतो," मी म्हटलं. "उद्याच लावतो. मग तुमचा इथं कुणाशीही संबंध नाही."

ढवळणं थांबलं. तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. त्या डोळ्यांबद्दल मी सांगणार नाही.

"लाव," ती म्हणाली. "पर त्रिंबक, दोन परभू व्हते रं. येक माजा, येक हेंचा. तू दोघांचा येक केलास. आता येकच हाय. त्यो सात वर्सांचा मेला, तर मग हेंचा आजा कुटनं आला?"

मी जिन्यात मानसिंगला बोलावून सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं आणि माझे पाय धरले. "दोन दिस थांबा, सर. परवा पत्र हातात पडतंय. मग काय करायचं ते करा." मला संताप आला. पोरगी आत मरायला टेकलीय आणि याला पत्र हवंय! तेव्हा मला तसं वाटलं. आता वाटतं, त्याला पोरगीच हवी होती. मी त्याला झिडकारून खाली उतरलो. समोरच्या दारातल्या रत्नम्मा नावाच्या बाईंनी मला पाणी दिलं, विचारलं, "आरोहीला बरं हाय का आता?" मी मान हलवली.

त्या रात्री मी म्हातारीचं बोलणं नुसती धमकी म्हणून सोडून दिलं. कागद म्हणजे कागद, एवढी अक्कल मला होती असं मला वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर निम्मं मी पोरीसाठी केलं, निम्मं तिनं मला एकेरीत हाक मारली म्हणून.

सकाळी साडेदहाला मी अर्ज दिला. चूक कबूल केली, मरणाच्या पानाची नक्कल जोडली. शिक्का बसला, पोच मिळाली. तसाच रिक्षा करून मी त्यांच्याकडे गेलो.

फ्लॅटला कुलूप होतं. कुलूप गंजलेलं होतं आणि कडीवर कोळ्याचं जाळं. मी समोरचं दार वाजवलं.

"हितं कोन ऱ्हात न्हाई की," रत्नम्मा म्हणाल्या. "बिल्डिंग झाल्यापास्नं बंदच हाय."

"काल तुम्ही मला पाणी दिलंत. आरोहीची चौकशी केलीत."

"कोन आरोही?"

मी एमआयडीसीच्या गेटवर गेलो. मानसिंग नावाचा माणूस तिथं कधी नव्हता. त्याचा नंबर लावला, लातूरच्या एका बाईंनी उचलला. परत येऊन प्रकरणाची फाइल मागितली. नंबर होता, माझा अर्ज होता, माझी सही होती. अर्जदाराच्या नावाचा रकाना कोरा. फोटोच्या चौकटीत वाळलेला डिंक. त्या डिंकावर मी बोट फिरवत उभा राहिलो, आणि कारकून म्हणाला, "काका, बरं वाटत नाही का?" मी बाहेरच्या बाकावर बसून लहान पोरासारखा रडलो. दोन वर्षं घराबाहेर न पडलेली पोरगी होती ती. माझ्याशिवाय जगात कुणाला माहीत नाही की ती होती.

घरी आलो तर कुलूप उघडायच्या आधीच वास आला.

ती माझ्या स्वयंपाकघरात बसली होती. पातेलं चुलीवर नव्हतं तरी रटरटत होतं. "आता मला कुटं ठेवतोस?" म्हणाली.

अकरा महिने झाले त्याला. मला तिनं कधी घास भरवला नाही. म्हणाली, तुला पोर ना बाळ, तुला भरवून काय करू? नुसती बसायची. मी दार लावलं की आतून ढवळल्याचा आवाज यायचा, सकाळ नाही, दुपार नाही. आणि अधूनमधून एकच शब्द, "लिव." मी तुळजापूरला जाऊन आलो, तर परतीच्या एसटीत शेजारची सीट ओली. मी लिहिलं नाही, अजिंक्यराव. अकरा महिने हाताला आवरून धरलं. माणूस किती दिवस आवरणार?

मागच्या आठवड्यात तुम्ही आलात. म्हणालात, पणजोबांचं नाव गुरुबसप्पा. गाव तेच, होटगीच्या पलीकडचं, आणि जातही तीच. मी कचेरीतून मागून आणलेली वही तुमच्यासमोर उघडली. तुमचंही पान वाळवीनं खाल्लेलं. तुम्ही त्या भोकाकडं बघत होतात आणि आत पातेल्यातला आवाज थांबला होता. नागूबाईच्या चौथ्याचं नाव गुरुबसप्पा.

बसा. उठू नका. आज सकाळी साडेदहाला तुमचं प्रकरण मी दाखल केलंय. पत्र नक्की मिळेल. ऋतुजाची सीट कुठं जात नाही. चौकशीला साहेब आले तरी तुम्हाला काही पाठ करावं लागणार नाही, सगळी उत्तरं द्यायला घरात माणूस असेल. अकरा वाजता मी स्वयंपाकघराचं दार ढकलून बघितलं. रिकामं होतं. जेवायला बसलो तर घास गोड लागला, अकरा महिन्यांत पहिल्यांदा.

ओरडून काय होणार? मला शिव्या द्या, मारा, मी हात वर करणार नाही. ते मरणाचं पान हवंय तुम्हाला? हे घ्या, नक्कल काढून ठेवलीय. घेऊन जा आणि कचेरीत लावा. साडेपाचपर्यंत उघडी असते. पण लावलंत तर काय होतं, ते मी तुम्हाला आत्ताच सांगितलं. त्यासाठीच तर एवढं बसवून सांगितलं. नाहीतर रागाच्या भरात तुम्ही लावलंच असतं.

तुमचा फोन वाजतोय. घ्या की... ऋतुजाचाच आहे. मी पाठवलेली आजी आली म्हणून सांगत असेल.

तिला एवढंच विचारा, जेवलीस का.