दोघंही या

नेत्राला बंदुकीची भीती नव्हती. तिला भीती होती अर्धवट चालणाऱ्या यंत्राची. चँडलर शहरातल्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात तिचं कामच ते होतं. तीच कृती, तेच तापमान, तोच दाब असूनही सिलिकॉनची एक वेफर चांगली आणि दुसरी खराब का निघते, ते शोधायचं. कारण सापडेपर्यंत तिला जेवण गोड लागत नसे.

शॉटगन रवींद्रकाकांची होती. काका निवृत्त भूलतज्ज्ञ. सन लेक्सला, निवृत्तांच्या वसाहतीत राहायचे आणि रविवारी सकाळी नेमबाजीच्या रेंजवर जाऊन, हवेत उडवलेल्या मातीच्या केशरी चकत्या फोडायचे. उन्हाळ्यात ते गेले. नेत्राची मुलगी अनया शाळेच्या शूटिंग टीममध्ये आल्याचं कळल्यावर शोभनाकाकूंनी आपणहून फोन केला. "कपाटात पडून राहण्यापेक्षा पोरीच्या हाती लागू दे गं."

निघताना नेत्रा दारात उभी राहिली. हातात बंदुकीची लांब पेटी होती. समोर काकांचा फोटो आणि फोटोपुढे त्यांची लवंगांची डबी.

"येतो आम्ही, काकू. या ना एकदा घरी, दोघंही."

गेली पंधरा-वीस वर्षं प्रत्येक भेटीच्या शेवटी म्हटलेलं वाक्य होतं ते. तोंडातून निघून गेल्यावर तिने जीभ चावली. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, की त्यांनी चूक दाखवली नाही. फोटोकडे बघून त्या एवढंच म्हणाल्या, "सांगते हं त्यांना."

बंदूक जुनी, पण निगुतीने ठेवलेली. सेमी-ऑटोमॅटिक. बार उडाला की त्याच्याच धक्क्याने नळी मागे जाते, रिकामं काडतूस कडेच्या खिडकीतून बाहेर फेकलं जातं आणि पुढचं आपोआप आत बसतं. भारी काडतुसं ती बिनतक्रार चालवायची. पण शाळेच्या टीमला हलकी काडतुसंच वापरायची परवानगी होती आणि नेमकी तीच तिला चालत नव्हती. रिकामं काडतूस खिडकीत तिरकं अडकायचं आणि सगळं तिथेच थांबायचं. अडकलेली बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे बघून कळत नाही. अशी वस्तू आपल्या मुलीच्या हातात आहे, या विचाराने नेत्राला धड झोप येईना.

"आई, it hates me," अनया म्हणाली.

"यंत्रं कुणाचा द्वेष करत नाहीत."

"मग आपला प्रिंटर?"

कोचने स्पष्ट सांगितलं होतं. शनिवारच्या मॅचपर्यंत बंदूक भरवशाची झाली नाही, तर अनयाला बाहेर बसावं लागेल.

नेत्राने बंदूक गराजमधल्या टेबलावर खोलली. साफसफाई केली, तेलाचा पातळ हात दिला, स्प्रिंग नवी घातली. स्प्रिंगपाशी एक पोलादी कडी होती, ती धक्क्याला ब्रेक लावायची. भारी काडतुसांसाठी ती पुढे बसवायची, हलक्यांसाठी काढून मागे सरकवायची. नेत्राने ती मागे सरकवली. तरी अडकणं थांबेना. मग तिच्या लक्षात आलं की बंदुकीला मागून भक्कम टेकू हवा. खांदाच मागे गेला तर धक्का वाया जातो आणि नळी पुरती मागे येत नाही. अनया म्हणजे काडी. पुढे झुक, पाय रोव, असं सांगून झालं, पण शरीरात वजनच नाही त्याला काय करणार?

पुढच्या सरावाला बंदूक चालली. एकदाही न अडकता. हलकी काडतुसं, त्यात तीन वेगवेगळ्या कंपन्यांची मिसळलेली, एकामागून एक उजवीकडे उडून मुरमाड मातीत पडत गेली. अनया नाचायचीच बाकी होती. नेत्राही हसली. स्प्रिंग बसायला वेळ लागला असेल, असं तिने स्वतःला सांगितलं.

घरी बंदूक साफ करताना कडी तिच्या हाताला लागली. कडी पुढे होती. मागच्या वेळी जोडताना तिच्याकडूनच चुकून भारी काडतुसांच्या जागी बसली होती.

असं चालायला नको होतं. त्या जागी कडी असताना हलकं काडतूस चालवायचं, तर बंदुकीचा दस्ता भिंतीला टेकवायला हवा.

पुढच्या वेळी तिने कडी मुद्दाम तशीच ठेवली आणि आधी स्वतः बार काढला. बंदूक अडकली. पुन्हा काढला, पुन्हा अडकली. मग अनयाने घेतली आणि ती घड्याळासारखी चालली.

"खांदा दुखतो का गं?"

"अजिबात नाही. किकच येत नाही. कोच मागून होल्ड करते ना."

कोच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी बुटाची नाडी बांधायला लावत होती. नेत्रा अनयाच्या मागे जाऊन उभी राहिली. जळक्या दारूचा वास होता, तापलेल्या मातीचा होता. आणि त्यात, अगदी जवळ, लवंगेचा.

तिने काकूंना फोन लावला. बंदुकीचं नाव काढायला जीभ रेटेना. नुसतंच विचारलं, "काका शिकवायचे कसे हो?"

"मागे उभे राहून. खांद्याला तळहात लावायचे. 'धक्का मला दे, तू फक्त चकती बघ,' म्हणायचे." काकूंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "घर फार शांत झालंय गं हल्ली. तू दोघांना बोलावलंस, पण माझंच निघणं होत नाही बघ अजून."

त्या संध्याकाळी नेत्राने अनयाला सांगितलं, की बंदूक परत करायची.

"का? आत्ता कुठे चालायला लागलीये! आई, प्लीज. मला कुठल्याच टीममध्ये कधी घेतलं नव्हतं."

कारण सांगता येण्यासारखं असतं तर नेत्राने सांगितलं असतं. शेवटी शनिवारच्या मॅचपुरती ती कबूल झाली.

शनिवारी वारा होता. पालकांना दोरीमागे उभं केलं होतं. मुलं ओळीने रेषेवर उभी होती. सगळ्यांचे सैल निळे टी-शर्ट पाठीवर फडफडत होते. अनयाचाही फडफडत होता. फक्त उजव्या खांद्यावर मागच्या बाजूला, तळहाताएवढ्या जागेत, कापड अंगाला चिकटून स्थिर होतं.

"पुल!" चकती सोडण्यासाठी अनया ओरडली. चकती फुटली. काडतूस उडालं. तिचा खांदा तसूभरही हलला नाही.

पुन्हा फुटली. पुन्हा हलला नाही.

काहीतरी बोलायला हवं होतं. पण वडीलधाऱ्या पाहुण्याला निरोप कसा देतात? 'जा' म्हणत नाहीत. 'जा' हा शब्द तिच्या घरात दारातल्या माणसाला कुणी कधी उच्चारलाच नव्हता. तिच्यापाशी एकच शब्द होता.

"काका," ती दोरीवर वाकून पुटपुटली, "फार केलंत तुम्ही. या आता."

अनयाचा सबंध टी-शर्ट वाऱ्याने फुगला.

"पुल!"

धक्क्याने अनया एक पाऊल मागे आली. चकती तशीच पुढे जाऊन मातीत पडली. काडतूस खिडकीत तिरकं अडकलं होतं. अनयाने नळीचं तोंड मैदानाकडेच ठेवून, शिकवल्याप्रमाणे हात वर केला.

बंद पडलेलं यंत्र बघून नेत्राला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

पोरीला बाहेर बसावं लागलं. गाडीत ती खिडकीकडे तोंड करून होती. टी-शर्टच्या गळ्यापाशी, दस्ता टेकतो तिथे, लालसर वळ उमटत होता. साधा, नियमाप्रमाणे समोरून आलेला वळ. नेत्राने तो पुन्हा पुन्हा पाहून घेतला. बंदूक उद्याच काकूंकडे पोचवायची, हेही ठरवलं.

घरी पोचल्यावर अनयाने दार उघडलं. नेत्रा पेटी घेऊन आत गेली, चपला काढल्या, दिवा लावला. मागे वळून पाहिलं तर अनया अजून दारातच होती. दार धरून, अंग चोरून, एका बाजूला उभी.

"अगं, लाव ना दार. गरम हवा येतेय."

"थांब ना, आई." अनयाचा आवाज हळू होता, मोठी माणसं समोर असली की होतो तसा. "पायरीवर आजोबांचा गुडघा दुखतो. आणि तूच त्यांना 'या' म्हणालीस ना?"

थोड्या वेळाने तिने दार लावलं. अगदी अलगद, कुणाच्या टाचेला लागू नये म्हणून लावतात तसं.