समोरच्या बेटावरची बोली

डेटलेफ ढ होता, याबद्दल वीबकेच्या मनात कधीच शंका नव्हती. जर्मनीतल्या ओल्डेनबुर्गच्या शाळेत ती बावीस वर्षं लॅटिन शिकवत होती. ढ माणूस तिला दारातून आत येतानाच ओळखू यायचा. डेटलेफ घरोघरचे बॉयलर दुरुस्त करायचा आणि दुर्दैवाने तिच्या जिवलग मैत्रिणीचा, गुडरूनचा, नवरा होता. गुडरूनने याच्यात काय पाहिलं, हे कोडं वीबकेला एकोणीस वर्षांत सुटलं नव्हतं.

हिवाळाभर तिघांनी आयरिश भाषेचा संध्याकाळचा वर्ग केला. वीबके हौसेने, गुडरून वीबकेच्या नादाने, आणि डेटलेफ गुडरूनला गाडीने न्यायचं-आणायचं म्हणून. सहा महिन्यांनी त्याला दोन वाक्यं येत होती, ‘हवा चांगली आहे’ आणि ‘हवा वाईट आहे’. त्यातलं कुठलं कधी म्हणायचं, हे मात्र त्याला शेवटपर्यंत पक्कं सांगता येत नसे.

“याला तिथे नेऊन काय करणार आहेस?” वीबकेने विचारलं होतं.

“बॅगा उचलेल,” गुडरून म्हणाली, आणि दोघी पोट धरून हसल्या होत्या. डेटलेफ शेजारीच उभा होता. तोही हसला.

ऑगस्टमध्ये ते आयर्लंडच्या पश्चिमेला, कोनमाराच्या किनाऱ्यावर आले. सकाळी शाळा, दुपारनंतर गावातल्या एखाद्या घरी मुक्काम, आणि घरात आयरिशशिवाय चकार शब्द नाही, असा दोन आठवड्यांचा नेम होता. त्यांच्या वाट्याला नाब्लाचं घर आलं. नाब्ला पंचाहत्तरीची, एकटी राहणारी. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरचं बेट दिसे. छपरं उडालेली सात-आठ घरं, आणि मेंढ्या. नाब्ला तिथेच जन्मलेली. ती परकरी पोर असताना तिथली माणसं उठून इकडे आली, ती परत गेली नाहीत.

वीबके रोज जेवताना एक छान घोटलेलं वाक्य टाके. परवाच्या वादळाबद्दल, पाखरांच्या स्थलांतराबद्दल. सगळे प्रत्यय जागच्या जागी. नाब्ला ते ऐकून घेई आणि म्हणे, “बटाटे घे.”

डेटलेफ काहीच बोलत नसे. शेगडीजवळच्या लाकडी खुर्चीत बसून पीटची, दलदलीतल्या जळाऊ मातीची, ढेकळं आत सारत राही. चौथ्या दिवशी दुपारी त्याचा तिथेच डोळा लागला. नाब्ला पाव मळत स्वतःशी पुटपुटत होती. वाऱ्याने खिडकीची काच थरथरत होती, पिठाचा आणि धुराचा वास येत होता.

मिटल्या डोळ्यांनी डेटलेफ काहीतरी बोलला. बरंच लांबलचक.

नाब्लाचे हात पिठात थांबले. मग तिने त्याला उत्तर दिलं. वीबकेला दोघांच्या बोलण्यातला एकही शब्द कळला नाही.

“अगं बाई! हा तर फडाफडा बोलतोय,” गुडरून म्हणाली.

“कुठून तरी पाठ केलंय,” वीबके म्हणाली. “पोपटही बोलतात.”

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या तरुण मास्तरांनी, फेस्टींनी, खिडकीबाहेर बोट दाखवून समुद्राचं वर्णन करायला सांगितलं. वीबकेने चार वाक्यं केली. डेटलेफची पाळी आल्यावर त्याने एकच शब्द उच्चारला. फेस्टींच्या हातातला खडू तसाच राहिला.

“हा शब्द तुम्ही कुठे ऐकलात?”

डेटलेफने खांदे उडवले.

“किनाऱ्याला न लागताच मागे फिरते ना, त्या लाटेला बेटावरची माणसं असं म्हणायची,” फेस्टी सावकाश म्हणाले. “माझ्या आजोबांच्या तोंडून एकदा ऐकला होता. इकडे कुणी वापरत नाही.”

वीबकेने तिचा जाडजूड शब्दकोश उघडला, पुढे-मागे चाळला. “यात नाही,” ती विजयाने म्हणाली.

“नसणारच,” फेस्टी म्हणाले, आणि त्यांनी तास लवकर सोडला.

त्यानंतर डेटलेफ बोलतच सुटला. संध्याकाळी शेजारची म्हातारी माणसं येऊन त्याच्याजवळ बसू लागली. नाब्ला त्याला ‘बार्तली’ म्हणू लागली. “बार्तली, दार लोट रे, गार येतंय.” आणि तो उठून दार लोटायचा, ते नेमकं अडतं तिथे पायाने दाबून. वीबके दात-ओठ खात बघत राही. तिचे सहा महिने, तिचे तक्ते, तिच्या रंगीत चिठ्ठ्या. आणि हा बॉयलरवाला!

“हा बार्तली कोण?” तिने फेस्टींना विचारलं.

“गावात त्या नावाचं कुणी नाही.” ते खिडकीकडे बघत होते. “आता नाही.”

दुसऱ्या आठवड्यात एकदा गुडरूनने नेम मोडून त्याला हळूच जर्मनमध्ये विचारलं, “रक्तदाबाची गोळी घेतलीस का?” वाट चुकलेल्या प्रवाशाकडे बघावं तसं त्याने तिच्याकडे बघितलं. अदबीने. मग तो बाहेर निघून गेला.

“सोंग आहे,” वीबके म्हणाली. “आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी जमलंय, त्याचा माज.”

“मला भीती वाटते गं.”

“थांब. दोन मिनिटांत उतरवते सोंग.”

शनिवारी दुपारी चौघं जेवायला बसली होती. उकडलेले बटाटे, तळलेला बांगडा. वीबकेने काटा खाली ठेवला आणि वर्गात गुण वाचून दाखवावेत तशा आवाजात, स्वच्छ जर्मनमध्ये ती बोलू लागली.

“डेटलेफ, तुझ्या बायकोला तुझी लाज वाटते. गेल्या नाताळात ती माझ्या स्वयंपाकघरात बसून काय म्हणाली, सांगू? आमची पोरगी लेना एकदा शिकायला घराबाहेर पडली, की मी या दगडाला सोडणार. अगदी ह्याच शब्दांत.”

गुडरून पांढरीफटक पडली.

डेटलेफने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. मग तो नाब्लाकडे वळला आणि त्याने काहीतरी विचारलं. आणि फक्त या एका वेळी वीबकेला त्याचा शब्दन्‌शब्द कळला.

“या पाहुणीला काय हवंय? भुकेली आहे का बिचारी?”

नाब्लाने बटाट्यांचं भांडं वीबकेपुढे सरकवलं.

गुडरून रडली नाही. उठून ती डेटलेफच्या शेजारी जाऊन बसली. त्याने चमचा उचलून त्याचं नाव सांगितलं. तिने ते म्हटलं. त्याने मीठ दाखवलं, खिडकी दाखवली, स्वतःचा अंगठा दाखवला. ती चुकली की तो हसायचा, पण ते हसणं तिला लागत नव्हतं. दिवेलागणीपर्यंत ती दोघं तिथेच बसून होती.

वीबके वर जाऊन सामान भरू लागली.

निघायच्या सकाळी गुडरूनची बॅग रिकामीच होती.

“तू जा, वीबके.”

“आणि लेना? तिला काय सांगू?”

“मी कळवेन तिला.”

“कुठल्या भाषेत?” वीबके ओठ मुरडून म्हणाली.

गुडरूनने उत्तर दिलं. आयरिशमध्ये. वीबकेला कळलं नाही. गुडरूनने तेच पुन्हा म्हटलं, लहान मुलाला सांगावं तसं, तुकडे पाडून. तरीही कळलं नाही.

वीबके नाब्लाकडे वळली. पाहुणचाराबद्दल आभाराची तीन आयरिश वाक्यं तिने रात्रीच तयार ठेवली होती. ती तिने म्हटली.

नाब्लाने प्रश्नार्थक चेहऱ्याने गुडरूनकडे पाहिलं.

गुडरूनने डोकं हलवलं. तिलाही कळलं नव्हतं.

तिघं दारात उभी राहून तिला हात करत होती. बस वळली तेव्हा वीबकेने मागे पाहिलं नाही. ‘असल्या माणसांशी आपण एकोणीस वर्षं मैत्री केली,’ एवढंच ती मनात म्हणत राहिली.

गॉलवेच्या बसस्थानकावर तिने बहिणीला, एल्केला, फोन लावला.

“एल्के, मी एकटीच येतेय. विमानतळावर घ्यायला ये.”

पलीकडून प्रश्न आला.

“कोण बोलतंय?”

“मी! वीबके! कान फुटले का तुझे?”

मागे एल्केचा रेडिओ चालू होता. बातम्या, मग हवामान. वीबकेला त्यातला शब्द न्‌ शब्द कळत होता. तिने आवाज स्थिर केला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं, एकेक शब्द नीट, क्रियापद जागच्या जागी, एकही चूक न करता.

एल्केने ऐकून घेतलं. मग ती बोलू लागली. मोठ्याने, सावकाश, प्रत्येक शब्दानंतर थांबत, फार मायेने.

“बाई, तुम्ही जर्मन खूप छान बोलता हो. घाबरू नका. तुमची भाषा बोलणारं जवळपास कुणी आहे का?”